इंडियाचे हातमोजे

सिडको, नाशिक
१२ ऑक्टोबर २००३

संजूबाई,

सप्रेम जयभीम. इंडियाच्या गोलकीपरबाईंना पत्र लिहायचं म्हणजे अक्षर जरा बरं काढायला हवं, म्हणून तुझ्या दाजींचं, जीवनचं चांगलं पेन घेतलं आहे. त्याला सांगू नकोस, कंपनीत लाल पेनाने सही करतोय बिचारा.

तू गुरुवारी कॅम्पला जायला गाडीत बसलीस आणि शुक्रवारी आई माझ्याकडे आली. तेव्हापासून तुझंच पुराण लावलं आहे. तू शाळेच्या मैदानावर फुटबॉलमागे पळायचीस तेव्हा 'पोरीच्या जातीला कशाला ही थेरं' म्हणून कपाळाला हात लावणारी हीच बाई. आणि आता पिंपळगावहून येताना बसमध्ये शेजारणीला न विचारता सांगते, "माझी धाकटी इंडियात हाय." ती शेजारीण म्हणाली म्हणे, मग आम्ही कुठे आहोत बाई? आईला काही ते कळलं नाही. तिने एकोणीस वर्षांखालच्या मुलींचा संघ, परदेशातली स्पर्धा, विमान, सगळं तिला नाशिक येईपर्यंत ऐकवलं.

आता एक गोष्ट सांगते, चिडायचं नाही. दसऱ्याच्या सुट्टीत तू दोन दिवस नाशिकला रंगनाथ सरांकडे सरावाला गेलीस, तेव्हा तुझे स्पर्धेसाठी घेतलेले नवे हातमोजे घरी पिशवीत होते. ते आईने कामावर नेले. द्राक्षाची छाटणी झाली की वेलीच्या डोळ्यांना औषध लावायचं, ते पेस्टचं काम चालू होतं. मालक देतो ते रबरी मोजे दुपारपर्यंत फाटतात, हे तुला माहीत आहेच. तिला तुझे जाडजूड मोजे दिसले. तिला वाटलं, यातून औषध काय, काटासुद्धा आत जायचा नाही. टोळीतल्या बाया हात लावलावून बघत होत्या. मुकादम मंगलाबाई म्हणाली, "नवसाबाईनं आज बागेला इंडियाचा हात लावलाय, औंदा सगळा माल फॉरेनला जातोय बघा." मग आईने ते निरम्याने स्वच्छ धुतले, सावलीत वाळवले आणि होते तसे पिशवीत ठेवले. तू म्हणे तिचा गालगुच्चा घेतलास, 'न सांगता मोजे धुतलेस' म्हणून. आईने तोंडातून ब्र काढला नाही. आता मला सांगते आणि पदर तोंडाला लावून हसते.

तिचे तळहात लाल झालेत, जरा सोलवटल्यासारखे. त्या औषधाचं असतंच तसं. खोबरेल लावलंय.

मॅच कोणत्या देशाशी, कधी, नीट कळव. गोल झाला तर रडत बसू नकोस. पण होऊ देऊ नकोस.

तुझी ताई


सिडको, नाशिक
१६ ऑक्टोबर २००३

संजू,

हे पत्र हातात पडताच ते हातमोजे फेकून दे. घालू नकोस, कोणाला घालायला देऊ नकोस.

आईच्या तळव्यांना फोड आलेत. आज सकाळी तिला भाकरीचा तुकडा मोडता येईना तेव्हा माझ्या लक्षात आलं. इथल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, मोजे घातले नव्हते का? आई म्हणाली, घातले होते, चांगले भारीतले होते. कसले ते मी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, रबर औषध अडवतं, पण तुमच्या मोज्यांच्या आत स्पंज असतो, तो ते पिऊन बसतो. वरून धुऊन जात नाही. हाताला घाम आला की पुन्हा सुटतं.

मी तशीच खाली एसटीडी बूथवर गेले आणि तुमच्या कॅम्पच्या ऑफिसात फोन लावला. कुणी साहेब होते. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, संजना, गोलकीपर, उसको बोलो ग्लोव्हज मत पहनना. ते म्हणाले क्यों? मी सांगायला लागले, द्राक्षाचं औषध, आई, स्पंज. ते हसले. त्यांना बहुतेक वाटलं, गावाकडची कुणी बाई नजरबिजर लागल्याचं सांगते आहे. "ठीक है बहनजी, बोल देंगे," म्हणाले. मी पुन्हा एकदा सांगितलं. तोवर फोन ठेवला होता.

त्यांनी सांगितलं असेल तर हे पत्र फाडून टाक. नसेल सांगितलं तर निदान हे तरी वेळेवर पोचू दे. आई एकसारखी विचारते आहे, 'निरोप पोचला का?' मी पोचला म्हणून सांगितलंय.

ताई


सिडको, नाशिक
८ नोव्हेंबर २००३

संजू,

बातमी बोटभर होती, क्रिकेटच्या खाली. तिन्ही मॅच हरल्या. शून्य-नऊ, शून्य-अकरा, शून्य-दहा. आपला एकही गोल नाही. मी पेपर घडी घालून ठेवला आणि आईला म्हटलं, आज आला नाही.

बाकीचं रंगनाथ सरांकडून कळलं. पहिल्या मॅचच्या मध्यंतरात तू हात बादलीत बुडवून बसली होतीस. दुसऱ्या मॅचला बँडेजवर तेच मोजे घातलेस, कारण दुसरे मागितले तर घरी पाठवतील असं तुला वाटलं. तिसऱ्या मॅचला मोजे घालायला हातच उरला नाही, म्हणून दुसऱ्या मुलीला उभं केलं. निरोप तुला मिळालाच नव्हता. माझं पत्र तुम्ही निघून गेल्यावर पोचलं. त्या साहेबांच्या घरी कुणाला काही होऊ नये, पण मला भेटले तर त्यांचं हसणं त्यांना परत द्यायचं आहे.

तू मुंबईहून थेट मनमाडला, स्टेलाच्या घरी उतरलीस असं सर म्हणाले. स्टेला चांगली आहे, तुझ्या पुढ्यात खेळते, तिचे वडील रेल्वेत ड्रायव्हर, घर मोठं, सगळं मान्य. पण तुला तुझं घर आहे. माझ्याकडे ये, आई अजून इथेच आहे. आईने हाताला फडकी बांधली आहेत आणि त्या फडक्यांनीच दारातला कचरा काढून ठेवते रोज, तू येशील म्हणून.

तिला मी गोलांचा आकडा सांगितला नाही. तिला एवढंच माहीत आहे की तुझे हात भाजले. त्या दिवसापासून ती स्वतःच्या हातांकडे बघत नाही.

हात कसे आहेत? डॉक्टरला दाखवलेस का? एवढं तरी लिही.

तुझी ताई


सिडको, नाशिक
२ डिसेंबर २००३

संजना,

पेपर वाचला. अख्ख्या जिल्ह्याने वाचला. फोटो छान आला आहे, बँडेज केलेले दोन्ही हात पुढे धरलेले. वर मोठ्या अक्षरात, 'आईच्या चुकीने भारताचा पराभव'. आणि खाली तुझे शब्द: "माझ्या आईने माझे ग्लोव्हज द्राक्षबागेत वापरले नसते, तर हे गोल झाले नसते." आईचं नाव, गावाचं नाव, सगळं.

पेपरवाल्याने तुझ्या तोंडात घातलं म्हणशील. घातलं असेल. पण गिळलंस तू.

आईला वाचता येत नाही म्हणून तू निर्धास्त असशील. गावच्या किराणा दुकानात रोज पेपर मोठ्याने वाचतात, तेव्हा ती तेल घ्यायला उभी होती. वाचणारा निम्म्यात आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की नवसाबाई समोरच आहे. पण माणसाला शेवटपर्यंत वाचायचा मोह होतो. आकडे तिला तिथे कळले. नऊ आणि अकरा. घरी येऊन तिने मंगलाबाईला विचारलं, "वीस म्हंजे लय झाले का गं?" मंगलाबाईला तरी काय माहीत. ती म्हणाली, क्रिकेटमधे तर कायच नाय.

आता टोळीतल्या बाया तिला गमतीने 'इंडियावाली' म्हणतात. शेंबडी पोरं म्हणतात ते वेगळं. ती पोरं ओरडली तरी हिचं एक नाही दोन नाही. पूर्वी हिच्या अंगणातून कुणी बोर उचललं तरी सात पिढ्यांचा उद्धार करायची ही बाई.

तुझे हात भाजले, तुझं स्वप्न गेलं, मला कळतं. रडू येतं मला तुझं. पण ज्या बाईने आपला बाप गेल्यावर दुसऱ्यांच्या बागा छाटून तुला बूट घेऊन दिले, तिला तू पेपरात दिलीस. आता तू मनमाडलाच राहा.

मंजुषा


सिडको, नाशिक
१३ जून २००४

संजू,

मी मागच्या पत्रात जे लिहिलं ते मनापासून लिहिलं, त्यामुळे माफी मागत नाही. पण काल शालिमारला स्टेला भेटली. भाचीला घेऊन पुस्तकं घ्यायला आली होती. तिच्याकडून कळलं की तुझ्या डाव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नाहीत, आणि तू तिथल्या एका शाळेत लहान मुलांना खेळ शिकवतेस. मला हे बाहेरच्या माणसाकडून कळावं?

मी तिला रसवंतीत बसवलं आणि सरळ विचारलं. ती आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "दीदी, सच बोलू का? ग्लोव्हज सोन्याचे असते ना, तरी तेवढेच झाले असते. तिसऱ्या मॅचला जी उभी होती, तिचे ग्लोव्हज कोरे करकरीत होते. तिने दहा सोडले. संजूने पहिल्या मॅचला नऊ सोडले, आणि किती अडवले ते कुणी मोजलंच नाही." मी म्हटलं, मग चूक कोणाची? ती म्हणाली, "त्या पोरी लहानपणापासून एकत्र खेळतात. आम्ही तिथे एकमेकींची नावं पाठ करत होतो. मी बॅक, पण मी तर अख्खी मॅच त्यांच्या पाठीच बघितल्या." आणि उसाच्या रसातला बर्फ चमच्याने काढून टाकत राहिली.

संजू, मग तू हे आईला का सांगत नाहीस? तुला पेपरात काही छापायला लावत नाही मी. तू एक दिवस गावी ये, तिच्यासमोर बस आणि सांग, आई, मोज्यांमुळे नाही झालं, असेही झाले असते. बस. एवढंच. मी सांगून बघितलं. ती म्हणते, "तू मॅचमधे होती का?"

हे मी माझ्या मनाने मागते आहे. आईने काही मागितलेलं नाही.

ताई


सिडको, नाशिक
११ जुलै २००४

संजू,

तुझं कार्ड मिळालं. नऊ महिन्यांत पहिलं, आणि त्यात एकच ओळ. 'मग गोल कोणाचे, ताई? माझे?'

आधी मला राग आला. वाटलं, पोस्टकार्डाचा पुरता उपयोगसुद्धा करता आला नाही हिला. मग भाजी चिरताना, सोनूचा अभ्यास घेताना ती ओळ डोक्यात यायला लागली. स्टेला म्हणते कोणाचेच नाहीत. पण कोणाचेच नाहीत असं जगात कुणी मानत नाही. गोलपाशी जो उभा असतो त्याच्याकडे लोक बघतात. आईला सोडवायचं म्हणजे तुला अडकवायचं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तू सतरा वर्षांची पोर, तुझ्या अंगावर इंडियाचे वीस गोल, आणि तुझ्याजवळ सांगायला एवढी एकच गोष्ट, की हात भाजले होते. तेवढीही मी काढून घ्यायला निघाले होते.

तरीही मागते. निर्लज्जासारखी मागते. तुला पुढे खूप दिवस आहेत, त्यात दुसरं काहीतरी होईल. आईला आता दुसरं काही होणार नाही.

तुझी ताई


सिडको, नाशिक
९ डिसेंबर २००७

संजू,

फोन नंबर घेतलास असं स्टेला म्हणाली, म्हणून लावला. माझा आवाज ऐकून कट केलास. म्हटलं ठीक आहे, आपलं पत्रच बरं, त्याला कट करता येत नाही. न वाचता टाकता येतं, ते जाऊ दे.

आई आता थंडीभर माझ्याकडे असते. बागेत जात नाही. पेस्टचं काम तर तिने तेव्हापासून केलंच नाही. मालकाने गाडी पाठवली तरी नाही.

मागच्या आठवड्यात इथल्या मैदानावर शाळांच्या मुलींच्या मॅच होत्या. रंगनाथ सरांनी सहज बोलता बोलता सांगितलं आणि ही मला न सांगता एकटी गेली. सिडकोबाहेरचा रस्ता तिला माहीत नाही, विचारत विचारत गेली. दुपारी सरांचा फोन, "मंजुषा, आईंना न्यायला या." मी धावत गेले. ही गोलच्या मागे, जाळीला धरून उभी. आणि बॉल लांब गेला की त्या गोलकीपर पोरीला म्हणत होती, "बाई, हात दाखव. एकदा मोजे काढ, हात दाखव." ती पोर घाबरून पंचाकडे बघायची. सरांनी आईला खुर्ची दिली, चहा दिला, ही हलायला तयार नाही. शेवटी मध्यंतरात ती पोर आपणहून आली आणि मोजे काढून दोन्ही हात जाळीतून पुढे केले. आईने नीट बघितले, मागून पुढून. म्हणाली, "चांगले हायेत. जा, खेळ." आणि माझ्याबरोबर निमूट घरी आली.

आणि अजून एक. पेपरात होतं, या वर्षी पुन्हा मुलींचा संघ बाहेर गेला होता. सगळ्या नव्या पोरी, नवी गोलकीपर. पुन्हा सगळ्या मॅच हरल्या, एकीत तर बारा झाले. मला आनंद झाला, संजू. देशाबद्दल असं वाटू नये, पण झाला. मला वाटलं, आता हिला पटेल. मी मुद्दाम मोठ्याने वाचलं, आणि म्हटलं, बघ आई, मोज्यांचा काही संबंध नव्हता, हे असंच होतं.

तिने माझ्या हातातून पेपर घेऊन घडी घातला. मग म्हणाली, "त्या पोरीच्या आईनं काय केलं असंल गं?"

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. अजून काय लिहू?

ताई


सिडको, नाशिक
५ जुलै २००९

संजू,

सगळे ठीक आहेत. सोनू सातवीत गेला. जीवनची कंपनी आठवड्यातून चारच दिवस चालते, पण चालते.

आईला खोकला आहे. पावसाळी हवा आहे, होतो. सिव्हिलला दाखवलं, त्यांनी फोटो काढला आणि पुन्हा एक फोटो काढला. डॉक्टरांनी तिला विचारलं, बिडी ओढता का? ती म्हणाली, नाय बा, मिश्री लावते. मग त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं, फवारणीचं काम केलंय का? किती वर्षं? मी म्हटलं, मला कळतं तेव्हापासून.

घाबरण्यासारखं नाही. पण येऊन जा. शनिवारी शाळा लवकर सुटत असेल तुमची. मनमाडहून दुपारची गाडी धरली तर रात्री जेवायला इथे येशील. काही बोलू नकोस हवं तर. मोज्यांचं, गोलांचं, काहीच नाही. नुसती जेवून जा.

ताई


सिडको, नाशिक
३० ऑगस्ट २००९

संजना,

तू आली नाहीस. आता मी जे केलं ते ऐक.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. आईचं एक फुप्फुस गेलं आहे, दुसऱ्यात पसरलंय. डॉक्टर दिवाळीचं नाव काढत नाहीत. हे मी तिलाही सांगितलेलं नाही, पण ती काही खुळी नाही. काल म्हणाली, "मंजे, संजीचं काय पत्र नाय ना आलं?" सहा वर्षांत तिने तुझं नाव घेऊन काही विचारलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, आलंय की. पोस्टमन आत्ताच देऊन गेला, वाचून दाखवते.

आणि स्वयंपाकघरात जाऊन लिहिलं. तुझ्या नावाने. असं लिहिलं:

'प्रिय आई, जयभीम. तुला एक सांगायचं राहून गेलं. ते मोज्यांमुळे झालं नाही. तिकडचं मैदान खरखरीत होतं, तिथे हात सोलले. गोल माझ्यामुळे झाले. एवढी माणसं बघून मी घाबरले होते, बॉल दिसत होता पण पाय हलत नव्हते. पेपरवाल्यासमोर लाज वाटली म्हणून तुझं नाव घेतलं. ते गोल माझेच आहेत. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी संजू.'

चुकलं असेल तर चुकलं. तू सहा वर्षं जे लिहिलं नाहीस ते मी पाच मिनिटांत लिहिलं. वीसच्या वीस गोल तुझ्या अंगावर घातले, तुला न विचारता. चिडायचं असेल तर येऊन चिड. तिच्यासमोर म्हण की ताई खोटारडी आहे, मी असं काही लिहिलं नाही. तसं म्हणायला का होईना, पण ये.

मी वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं. म्हणाली, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, सुटली बिचारी. थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या उत्तर लिवू."

मंजुषा


सिडको, नाशिक
१७ सप्टेंबर २००९

संजू,

आई मंगळवारी सकाळी गेली. स्टेलाला लगेच फोन केला होता. तिने तुला सांगितलं, हेही तिने मला सांगितलं. लोक विचारत होते, धाकटी कुठे आहे? मी म्हटलं, गाडी चुकली असेल. नाशिकच्या अमरधाममध्ये सगळं पार पडलं. खांदा जीवनने, रंगनाथ सरांनी आणि गावाकडच्या दोघांनी दिला. मंगलाबाई टोळीतल्या सगळ्या बायांना घेऊन आली होती, रोज बुडवून. रविवारी जलदानविधी आहे. येणार असलीस तर ये, मी तुला काही बोलणार नाही. बोलण्यासारखं माझ्याजवळ राहिलेलं नाही.

आईने सांगितलेलं उत्तर खाली लिहिते. तिने ते दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. मी पाठवलं नाही, कारण मला वाटलं होतं, माझा खोटेपणा वाचून तू चिडून येशील आणि ती तोंडानेच तुला सांगेल. तिला मधे मधे धाप लागत होती, म्हणून थांबून थांबून सांगितलं. मी एक शब्द बदललेला नाही. ते पत्र तुझं नव्हतं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मला तसं वाटतं.

'संजे, तुझं पत्र पोचलं. मंजीनं दोनदा वाचून दाखवलं. लय बरं वाटलं. पर तू लिवलं ते खरं नाय. माझे बी हात भाजले व्हते, मला म्हाईत हाय कसं व्हतं ते. भाकर धरता येत नव्हती, तू बॉल कसा धरशील. आता माझं ऐक. ते गोल तुझ्या नावावर घेऊ नको. तू मास्तरीण हाय. उद्या पोरी म्हणतील, हिनं इंडियाचे वीस गोल सोडले, आन् ही आमाला काय शिकवती. कुणी विचारलं तर पेपरात सांगितलं तसंच सांगायचं, आईनं केलं म्हनून. लाजायचं नाय. मला कोण विचारतंय. माझ्या नावावर जमीन नाय, घर नाय, रेशनकार्डावर बी तुझ्या बापाचंच नाव अजून. एवढं ऱ्हाऊ दे माझ्या नावावर.'

याच्यापुढे तिने काही सांगितलं नाही. मी विचारलं, खाली काय लिहू? ती म्हणाली, "आई लिही. अजून काय लिवतात?"

पत्र मी लिहिलं होतं, पण हे उत्तर तुला आहे, म्हणून पाठवते आहे.

ताई